पीयूसीची चिठ्ठी आधी वाचा, कन्व्हर्टरचे नंतर बघू

प्रश्न थोडक्यात असा : डिचोलीतली २००८ ची पेट्रोल वॅगन आर, ९४ हजार किलोमीटर झालेली. मुलगा बोटीवर, त्यामुळे गाडी वर्षातले चार-पाच महिने पोर्चातच उभी. चवथीला बाहेर काढायची म्हणून पीयूसीला नेली, तर दोनदा नापास. चिठ्ठीवर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) १.८ टक्के, एचसी (न जळालेले हायड्रोकार्बन) ३२० पीपीएम, सीओ२ १३.२, ऑक्सिजन ०.५, लॅम्डा ०.९६. एका गॅरेजने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा) बदलायला सांगितला, दुसऱ्याने गाडीच भंगारात घाला म्हटले. काय करावे?

दोन्ही करू नका. तुम्ही चिठ्ठीवरचे सगळे आकडे दिलेत हे फार बरे केलेत, कारण तुमच्या बाबतीत निकाल त्या आकड्यांतच आहे. बहुतेक लोक फक्त ‘फेल’ एवढेच वाचतात. (चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. थर्मल कागद गाडीच्या खणात उन्हाने महिन्याभरात कोरा होतो.)

आधी मर्यादा. बीएस म्हणजे भारत स्टेज, प्रदूषणाच्या सरकारी नियमांचे टप्पे. बीएस-२ च्या आधीच्या पेट्रोल चारचाकीला सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम चालतो. बीएस-२ आणि बीएस-३ गाड्यांना सीओ ०.५ टक्के आणि एचसी ७५० पीपीएम. बीएस-४ पासून पुढे सीओ ०.३ आणि एचसी २००, शिवाय इंजिन २५०० आरपीएमला धरून दुसरी तपासणी : तिथे सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. देशभर बीएस-२ लागू झाले १ एप्रिल २००५ ला, बीएस-३ १ एप्रिल २०१० ला, बीएस-४ १ एप्रिल २०१७ ला. म्हणजे तुमच्या गाडीला ०.५ आणि ७५० ही जोडी लागू. एचसीत तुम्ही आरामात पास आहात, अडलात फक्त सीओवर. तपासणीला उभे राहण्यापूर्वी केंद्राच्या पडद्यावर तुमच्या गाडीसमोर कोणते बीएस दिसते तेही बघा. जुन्या नोंदींत तो रकाना कधी रिकामा, कधी चुकीचा असतो, आणि २००३ च्या गाडीला बीएस-२ ची मर्यादा लावली तर ती उगाच नापास होते. नोंद चुकीची असेल तर ती वाहतूक खात्यात आरसी दाखवून दुरुस्त होते, पाना फिरवून नाही.

आता कन्व्हर्टर. लॅम्डा म्हणजे इंजिनात गेलेली हवा आणि पेट्रोल पूर्ण जाळायला लागणारी हवा यांचे गुणोत्तर. १ म्हणजे नेमके, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त. यंत्र तो आकडा चारही वायूंवरून हिशेबाने काढते. कन्व्हर्टर सीओचा सीओ२ करतो, एचसीचे पाणी आणि सीओ२ करतो, पण आत आलेले कार्बन-ऑक्सिजनचे अणू तेवढेच बाहेर पडतात. म्हणून कन्व्हर्टर चांगला असो, मेलेला असो, लॅम्डा बदलत नाही. तुमचा ०.९६ हा कन्व्हर्टरच्या आधीच, इंजिनातच ठरलेला आहे. गाडीला पेट्रोल जास्त जाते आहे. आणि पेट्रोल जास्त असले की धुरात सीओ जाळायला पुरेसा ऑक्सिजनच उरत नाही, त्यामुळे नवाकोरा कन्व्हर्टर बसवला तरी सीओ ०.५ च्या खाली येणार नाही. पैसे गेले, गाडी नापास ती नापासच, आणि वर नवा कन्व्हर्टर जादा पेट्रोलाने तापून लवकर खराब.

बाकी आकडेही हेच सांगतात. सीओ आणि सीओ२ ची बेरीज १५, म्हणजे नमुन्यात बाहेरची हवा मिसळलेली नाही, सायलेन्सर मागच्या बाजूला तरी शाबूत. ऑक्सिजन अर्धा टक्का आणि एचसी ३२०, म्हणजे चारही सिलिंडर व्यवस्थित पेटताहेत. प्लग, कॉइल, कॉम्प्रेशन यांच्यामागे लागायचे कारण नाही. शोधायचे एवढेच, की ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल का सोडतो.

सुरुवात थर्मोस्टॅटपासून करा. इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारे पाणी अडवून धरणारा हा वॉल, म्हणजे झडप. हा सल्ला ऐकून हसू येईल, पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत सीओ वाढायचे हे फार नेहमीचे कारण आहे. गाडी कधीतरी तापते, बहुधा फॅनचा स्विच गेल्याने किंवा रेडिएटर चोक झाल्याने. गॅरेजमध्ये ‘गोव्याच्या उकाड्यात हा वॉल कशाला’ म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकतात. गाडी तापायची थांबते आणि सगळे खूश. पण मग इंजिन कधीच पुरते गरम होत नाही. ईसीयूला वाटते अजून सकाळच आहे, आणि तो थंड इंजिनाला देतो तसे जादा पेट्रोल देत राहतो. खूण अशी : पणजीच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा मध्यापर्यंत येतो, आणि पर्वरी ओलांडून मोकळ्या रस्त्याला वेग घेतला की खाली घसरतो. थर्मोस्टॅट जागेवर असलेल्या गाडीचा काटा एकदा वर आला की तिथेच राहतो.

तपासायला पाना लागत नाही. सकाळी थंड गाडी सुरू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजवर हात ठेवा, फॅनपासून जपून. पहिली काही मिनिटे होज थंड राहायला हवा, आणि मग अर्ध्या-एक मिनिटात चटका बसेल इतका तापायला हवा. सुरू केल्यापासूनच हळूहळू कोमट होत गेला तर वॉल उघडा अडकलाय किंवा नाहीच. नवा घेतलात की बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पाण्याच्या टोपात सोडा, भांड्याच्या तळाला न टेकवता, आणि शेजारी थर्मामीटर धरून पाणी तापवा. वॉलवर ८२ कोरलेले असेल तर त्या अंशांच्या आसपास तोंड किलकिले व्हायला लागेल, आणखी दहा-बारा अंशांनी पूर्ण उघडेल. नवे वॉलही सदोष निघतात, म्हणून हा पाच मिनिटांचा खटाटोप. पॅकिंग नवे घाला, जुन्यावर सिलिकॉन थापू नका. पाण्याऐवजी कूलंट भरा. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याने आत गंज आणि क्षार धरतात, आणि मग खरोखरच गाडी तापते, पुन्हा कोणीतरी वॉल काढतो. मुळात गाडी का तापत होती ते मात्र आधी निस्तरा. गरम इंजिनाचे रेडिएटर झाकण उघडू नका हे सांगायला नको.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर त्याच्या शेजारचा कूलंट तापमान सेन्सर. (काट्याचा सेन्सर बऱ्याच मॉडेलांत वेगळा असतो, ईसीयूला माहिती देणारा दोन तारांचा असतो.) त्याच्या तारांचा प्लग (कनेक्टर) काढून मल्टिमीटरने सेन्सरचे ओहम मोजा. मारुतीच्या या पिढीत २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम, आणि ८० अंशांना ०.३ च्या आसपास. सकाळी आपल्याकडे तापमान तिशीजवळ असते, तेव्हा दोनच्या थोडे खाली येईल. गरम इंजिनावर अजूनही एक किलोओहम दाखवत असेल तर सेन्सर गेला. प्लगच्या टोकांना हिरवी बुरशी धरलेली असेल तर आधी ती साफ करा. खाऱ्या हवेत तारेतला हा वाढीव रोध सेन्सरसारखाच ईसीयूला फसवतो : जास्त ओहम म्हणजे त्याच्या लेखी थंड इंजिन.

मग ऑक्सिजन सेन्सर. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पहिल्या नळ्यांवर) किंवा त्याच्या लगेच खाली असतो. इथे घाई करून नवा घेऊ नका, कारण तो बहुतेक वेळा खरे बोलत असतो. इंजिन पूर्ण गरम करून सिग्नलच्या तारेला मागून सुई लावा आणि डिजिटल मल्टिमीटर २ व्होल्टच्या रेंजला ठेवा. २५०० आरपीएम धरल्यावर आकडा ०.१ ते ०.९ मध्ये सतत खालीवर व्हायला हवा, दहा सेकंदांत आठ वेळा तरी. चार शक्यता आहेत.

खालीवर होतोय, पण आळसटून, दहा सेकंदांत दोन-तीनदा : सेन्सर म्हातारा झाला. ९४ हजारांनंतर यात नवल नाही. बदला.

०.८ ते ०.९ ला चिकटून बसलाय : सेन्सर सांगतोय की पेट्रोल जास्त आहे, आणि चिठ्ठीही तेच सांगते. सेन्सर निर्दोष. ईसीयू ऐकत नाहीये (म्हणजे वर सांगितलेले तापमानाचे प्रकरण), किंवा कुठूनतरी इतके पेट्रोल येतेय की ईसीयूला ते कापता येत नाही.

०.१ किंवा ०.२ ला चिकटलाय आणि मागे सीओ १.८ आहे : हा खोटे बोलतोय, किंवा त्याच्या आधी एक्झॉस्टमध्ये फट आहे. याबद्दल पुढे.

०.४५ च्या आसपास मुडद्यासारखा स्थिर : तार तुटली, किंवा सेन्सर थंड. चार तारांच्या सेन्सरमध्ये एकाच रंगाच्या दोन तारा हीटरच्या असतात. त्यांच्यामधला रोध थोड्या ओहमांचा यायला हवा. अनंत आला तर हीटर जळाला.

शंका राहिली तर इनटेक मॅनिफोल्डची (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांची) एखादी बारीक व्हॅक्युम नळी क्षणभर काढा. हवा वाढली की आकडा लगेच ०.२ च्या खाली यायला हवा. सेन्सर काढायचा तर इंजिन कोमट असताना, कापलेल्या २२ नंबरच्या सॉकेटने. थंड आणि गंजलेल्या मॅनिफोल्डवर जोर केलात तर आटेच हातात येतील. बसवताना अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला नाही. आणि इंजिनाला कुठेही साधा सिलिकॉन सीलंट लावलेला असेल तर तो त्याच्या वाफेने सेन्सर मारतो, ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलाच वापरा.

आता ती फट. एक्झॉस्टमध्ये फट म्हणजे धूर बाहेर येतो एवढेच लोक धरतात. पण धूर धक्क्याधक्क्याने जातो, आणि दोन धक्क्यांच्या मधे आत क्षणभर कमी दाब होतो, तेव्हा बाहेरची हवा आत ओढली जाते. ही फट ऑक्सिजन सेन्सरच्या आधी असेल, म्हणजे मॅनिफोल्डच्या पॅकिंगला किंवा पहिल्या जोडाला, तर सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘पेट्रोल कमी’ असे कळवतो, आणि ईसीयू पेट्रोल वाढवतो. बाहेरच्या हवेने झालेला रिच मिक्स्चर, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले मिश्रण. मेकॅनिक सेन्सर बदलतात, दोन दिवसांनी पुन्हा तेच, आणि नवा सेन्सर डुप्लिकेट होता असा निष्कर्ष निघतो. शोधायची रीत : सकाळी थंड गाडी सुरू करून एकाने ओल्या जाड फडक्याने, हातमोजे घालून, मागची नळी तीन-चार सेकंद दाबून धरायची, दुसऱ्याने पुढे कान द्यायचा. फुसफुस किंवा ‘टिक् टिक्’ ऐकू येते. पॅकिंगपाशी काजळीचा काळा फराटा दिसला तर ऐकायचीही गरज नाही. वेल्डिंग करायचे झाले तर बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा, नाहीतर सायलेन्सरचे छिद्र बुजेल आणि ईसीयू जाईल.

फट सेन्सरच्या मागे, सायलेन्सरच्या डब्याला असेल तर परिणाम वेगळा : पेट्रोल वाढत नाही, पण नमुन्यात हवा मिसळते. चिठ्ठीवर ऑक्सिजन चार-पाच टक्के, सीओ२ दहाच्या खाली, लॅम्डा १.२ असला काहीतरी आकडा. बीएस-४ गाडी यातही लॅम्डावर नापास होते. किनाऱ्यालगतच्या गाड्यांचे डबे खालच्या शिवणीवर आतून कुजतात, कारण दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत आतले पाणी उडतच नाही. वरून रंग छान, स्क्रूड्रायव्हर टोचला की आरपार.

वरचे सगळे ठीक निघाले तर आगंतुक पेट्रोल शोधायचे. तीन जागा. पहिली, मॅप सेन्सरची (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची) रबरी नळी, जिथे ती असेल तिथे (काही मॉडेलांत सेन्सर थेट त्या मॅनिफोल्डवर बसतो). ती चिरली की सेन्सरला व्हॅक्युम कमी दिसतो, ईसीयूला वाटते इंजिनावर भार आहे, पेट्रोल वाढवा. पावसाळाभर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली उंदीर घर करतात आणि नेमक्या अशाच नळ्या कुरतडतात. बोटाने वाकवून बघा, तडे दिसतील. दुसरी, फ्युएल प्रेशर रेग्युलेटर. त्याची व्हॅक्युम नळी काढा, आत पेट्रोल ओले दिसले किंवा वास आला तर डायफ्रॅम फाटलाय, पेट्रोल थेट मॅनिफोल्डमध्ये जातेय. हे काम गरम मॅनिफोल्डपाशी नको, आणि आसपास कोणी विडी ओढत नाही ना बघा. तिसरी जागा लोकांच्या ध्यानीमनी नसते : इंजिन ऑइल. उभी गाडी दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटे सुरू करून बंद करायची सवय असते. थंड इंजिनातले जादा पेट्रोल दर वेळी ऑइलमध्ये उतरते, आणि तपासणीच्या दिवशी इंजिन तापले की त्याची वाफ पीसीव्हीच्या नळीतून (ऑइलच्या जागेतली वाफ इनटेककडे परत नेणारी) पुन्हा इंजिनात. डिपस्टिक काढून हुंगा. पेट्रोलचा वास येत असेल, किंवा ऑइल न घालता पातळी चढलेली असेल, तर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. केंद्रावर खात्री करून घेता येते : पीसीव्हीची नळी काढून इंजिनाकडचे तोंड बोटाने बंद करा, सीओ अर्ध्या टक्क्याने वगैरे उतरला तर दोष ऑइलचा.

तुमच्या गाडीची हकीकत पाहता मी ऑइल आणि थर्मोस्टॅट यांवर पैज लावीन, पण मोजून बघितल्याशिवाय नाही.

ज्यांचा एचसी वाढलाय त्यांचा रस्ता निराळा, म्हणून थोडक्यात. एचसी हजाराच्या वर, सीओ कमी, ऑक्सिजन तीन-चार टक्के असे त्रिकूट दिसले की गाडी मिसिंग मारतेय : पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर. प्लग काढून चारही ओळीने मांडा. एकच ओला किंवा काळा निघाला तर त्याच सिलिंडरची वायर, कॉइल, इंजेक्टर, वॉल बघा. सगळे सारखे असतील तर व्हॅक्युम गळती किंवा फारच कमी पेट्रोल. गॅप मॅन्युअलप्रमाणे, जुन्या कार्ब्युरेटर गाड्यांना साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर, इंजेक्शनवाल्यांना बहुधा १ च्या पुढेमागे. प्लगच्या वायरी रात्री अंधारात बॉनेट उघडून बघा, वर पाण्याचा हलका फवारा मारा. निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर पूर्ण सेट बदला. एक बदलू नका. टॅपेट घट्ट झाले असतील (वॉल पुरते मिटायला ठेवलेली फट कमी झाली असेल) तरी एचसी वाढतो, आणि एलपीजी-सीएनजी किटवर बरीच चाललेल्या गाड्यांत हे हमखास. कॉम्प्रेशन घ्याल तेव्हा थ्रॉटल पूर्ण उघडा, चारही प्लग काढलेले, आणि दोन सिलिंडरांत १ किलोपेक्षा जास्त फरक नको.

कार्ब्युरेटरवाले, म्हणजे जुनी ८००, ओम्नी, जुनी झेन, कोणाच्या अंगणातली पद्मिनी : तुमची मर्यादा ३ टक्के आहे, त्यामुळे सोपे आहे, फक्त क्रम चुकवू नका. एअर फिल्टर आधी. इंजेक्शनच्या गाडीत घाणेरडा फिल्टर सीओ फारसा वाढवत नाही, ईसीयू सावरून घेतो. कार्ब्युरेटरला सावरणारे कोणी नाही. मातीच्या रस्त्यावरच्या गाडीचा फिल्टर लाल धुळीने विटेसारखा झालेला असतो, तो झटकून नाही, बदलूनच. मग चोकची झडप गरम इंजिनावर पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी बघा, केबलचे कव्हर गंजून ती अर्धी अडकलेली असते. फ्लोटची सुई झिजली तर पातळी चढते आणि सीओ पाचच्या वर जातो, मग स्क्रू कितीही फिरवा. जेट साफ करायला कार्ब क्लीनर आणि दाबाची हवा. तार घालू नका, छिद्र शतांश मिलिमीटरने मोठे झाले तरी जेट वाया.

एवढे झाल्यावर मिक्स्चर स्क्रू. इंजिन गरम, फॅन थांबलेला, एसी आणि दिवे बंद. स्क्रू हळूहळू आत घ्या, पाव फेरी, दहा सेकंद थांबा, पुन्हा पाव. इंजिन अडखळायला लागले की जिथे ते पुन्हा एकसारखे चालेल तिथवर बाहेर घ्या. मग स्लोचा स्क्रू (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन किती वेगाने चालावे ते ठरवणारा) फिरवून आरपीएम जागेवर आणा आणि मिक्स्चर परत एकदा तपासा, कारण एकाने दुसरा हलतो. यंत्र लावलेले असेल तर सीओ १ ते १.५ च्या मधे सोडा. काही जण हौसेने ०.३ वर आणतात. चिठ्ठी सुंदर दिसते, पण गाडी सिग्नलला बंद पडते आणि एचसी उडी मारतो.

इथे ई-२० पेट्रोलचा विषय येतो. साध्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, २० टक्के इथेनॉल मिसळले की साडेतेराच्या आसपास. कार्ब्युरेटरचे जेट तेच, म्हणजे मिक्स्चर आपोआप पातळ होते : सीओ उतरतो, पण आधीच काठावर असलेली गाडी थरथरते आणि एचसीवर नापास होते. तेव्हा स्क्रू अर्धी फेरी बाहेर घ्यावा लागतो. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सर शाबूत असेल तर स्वतःच जुळवून घेते. दोन्ही प्रकारांत जुने रबर फुगते आणि चिकट होते, टाकीपासून इंजिनापर्यंतचे पेट्रोल होज बघून घ्या. आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतो. जून ते सप्टेंबर अर्धी टाकी भरून उभी ठेवलेल्या गाडीच्या तळाशी पाणी जमलेले असू शकते. जुने पेट्रोल उपसून ताजे दहा-पंधरा लिटर भरून मगच तपासणीला जा.

पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकायचा जुना तोडगा अजून ऐकू येतो. त्याने सीओ उतरत नाही, काजळी मात्र वाढते. इंजेक्टर क्लीनरची बाटली मधून मधून घालायला हरकत नाही, पण थर्मोस्टॅट नसलेली गाडी तिने पास होणार नाही. कन्व्हर्टर पोकळ करून ‘मोकळी’ केलेली गाडी तर बीएस-३ च्या मर्यादेत बसवणे अवघडच. आणि गाडी न नेता चिठ्ठी करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. वैध पीयूसी नसताना पकडलात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दंड १० हजारांपर्यंत आहे.

कन्व्हर्टर बघायचा तो लॅम्डा १ वर आल्यावर. लॅम्डा ०.९९ ते १.०१ आहे, ऑक्सिजन एकाच्या खाली आहे, आणि तरी सीओ ०.५ च्या वर, तर आता कन्व्हर्टर संशयित. आधी तो तापलाय का बघा : अडीचशे-तीनशे अंशांच्या आत तो कामच करत नाही. थंड असताना रबरी हातोडीने हलके ठोका, आत खडखडले तर विटेचे (आतल्या जाळीदार गाभ्याचे) तुकडे झाले. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर २५०० आरपीएमला तीन मिनिटांनी मागची बाजू पुढच्यापेक्षा गरम लागायला हवी. गाडी ऑइल खात असेल तर नवा घालण्याआधी ते थांबवा, ऑइलमधले फॉस्फरस आतला थर मारते. बाजारात हलक्या वजनाचे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, त्यांत मौल्यवान धातू नावापुरता असतो : पहिली पीयूसी पास, दुसरी नापास.

दुरुस्तीनंतर बॅटरीची निगेटिव्ह दहा मिनिटे काढून ठेवा, म्हणजे ईसीयूने जुन्या दोषाला जुळवून घेतलेले हिशेब पुसले जातील. पण त्याच दिवशी तपासणीला जाऊ नका. तीस-चाळीस किलोमीटर, थोडे गावातले थोडे हमरस्त्याचे, असे चालवून त्याला नव्याने शिकू द्या.

तपासणीच्या दिवशी डिचोलीतल्या डिचोलीत दोन मिनिटांवरच्या केंद्रावर जाऊ नका. निदान वीस मिनिटे गाडी पळवा, शेवटची पाच मिनिटे तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांच्या आसपास. रांगेत इंजिन बंद करू नका. स्लोला दहा मिनिटे उभी राहिली तरी कन्व्हर्टर थंडावतो, म्हणून पाळी यायच्या आधी दोन-तीन मिनिटे २५०० ला धरा. एसी, दिवे, मागच्या काचेचा हीटर बंद, रेडिएटरचा फॅन थांबेपर्यंत वाट बघा. ऑपरेटरला विनंती करून दोन गोष्टी करून घ्या. आधीच्या गाडीचा एचसी यंत्राच्या नळीत राहतो, तेव्हा प्रोब (सायलेन्सरमध्ये घालायचे तिचे टोक) मोकळ्या हवेत धरून एचसी शून्याजवळ आल्यावरच सुरुवात करा. आणि प्रोब सायलेन्सरच्या नळीत फूटभर तरी, म्हणजे ३० सेंटिमीटर, आत जाऊ द्या. चार बोटे आत घातला तर बाहेरची हवा ओढली जाते आणि आकडे तुमचे राहत नाहीत. पावसात नळीतले पाणी आधी दोनदा रेस करून उडवून टाका, यंत्राच्या फिल्टरमध्ये पाणी गेले की रीडिंग अडकते.

पुन्हा नापास झाली तर नाकारल्याची चिठ्ठी मागून घ्या, तीत आकडे असतात, आणि ती घेऊन दुसऱ्या केंद्रावर खातरजमा करता येते. पास झाली तर तुमच्या बीएसला मुदत सहा महिने, बीएस-४ आणि पुढच्यांना वर्ष. तुमची पंधरा वर्षे होऊन गेली आहेत, नोंदणी वाढवायच्या वेळीही हीच चिठ्ठी लागेल. नवी जुन्याशेजारी ठेवा. सहा महिन्यांनी सीओ ०.४ आणि लॅम्डा ०.९८ अशी उतरण दिसली तर पास असतानाच वरच्या होजवर पुन्हा हात ठेवून बघा आणि डिपस्टिक हुंगा.